गुलाबाचं झाड हिरवंगार, पण फुलं गायब? कात्री लावण्याआधी गुलाबाचा प्रकार ओळखा

नर्सरीतून आणताना गुलाबाला चार टपोरी फुलं असतात. पहिले दोन महिने स्टेटसला त्याचेच फोटो. मग पावसाळा येतो, पानांवर काळे ठिपके पडतात, अर्धं झाड झडतं. तरी ते जगतं, पुढच्या वर्षी जोमात वाढतं, गॅलरीच्या कठड्याबाहेर डोकावतं. फक्त फुलं येत नाहीत. आलीच तर आणलेला लाल गुलाब कुठे आणि ही बारीक पांढरी फुलं कुठे, असा प्रश्न पडतो. शेजारचे काका सांगतात, "छाटणी करा." आपण करतो. तरी काही होत नाही, कधी कधी आणखी बिघडतं.

यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक म्हणजे आपल्या कुंडीत एक नाही, दोन गुलाब आहेत हे आपल्याला माहीत नसतं. आणि दुसरं, गुलाब म्हणजे एकच झाड समजून सगळ्या गुलाबांना एकसारखी कात्री लावली जाते.

एका कुंडीत दोन गुलाब

नर्सरीत मिळणारे मोठ्या फुलांचे गुलाब बहुतेक डोळा भरून तयार केलेले असतात. म्हणजे खाली मुळं एका काटक, रानटी वळणाच्या गुलाबाची, त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीत इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देऊन हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात, वर पट्टी बांधतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. झाडाच्या बुडाशी नीट पाहिलं तर एक गाठ दिसेल. गाठीच्या वर तुम्ही पैसे मोजून आणलेला गुलाब, गाठीखाली खुंट.

खुंटाला मात्र स्वतः वाढायची हौस असते. गाठीखालून किंवा मातीतून एक फांदी येते, भराभर वाढते, आपण खूश होतो. ही फूट मुळांकडून येणारं अन्नपाणी आधी ओढते. वर्ष-दीड वर्षात वरचा नाजूक गुलाब वाळून जातो आणि कुंडीत फक्त खुंट उरतो. "गुलाब जंगली झाला" असं आपण म्हणतो ते हेच. गुलाब बदललेला नसतो, तो मेलेला असतो, आणि त्याच्या जागी दुसराच उभा असतो.

अशी फूट ओळखायची कशी? इथे जवळपास प्रत्येकजण एक नियम सांगतो: पाच पानांची फांदी चांगली, सात पानांची जंगली, कापून टाका. हा नियम चुकीचा आहे. गुलाबाचं एक पान म्हणजे एका देठावरच्या अनेक पर्णिका, आणि कित्येक चांगल्या गुलाबांना, विशेषतः वेलीच्या आणि जुन्या सुवासिक जातींना, सात पर्णिका येतात. जोरदार वाढणाऱ्या हायब्रीड टी गुलाबाच्या नव्या फांदीवरही त्या दिसतात. या एका नियमापायी लोकांनी आपल्या झाडाच्या सगळ्यात उमद्या फांद्या कापून टाकल्या आहेत. पानं मोजू नका. फांदी कुठून निघाली आहे ते पाहा. माती थोडी बाजूला करा, बोटाने फांदीचा माग काढत खाली जा. गाठीवरून निघाली असेल तर ती तुमची. गाठीखालून निघाली असेल तर खुंटाची.

खुंटाची फूट कात्रीने मातीलगत कापली तर तिथले झोपलेले डोळे जागे होतात आणि एकीच्या जागी तीन फुटी येतात. ती कोवळी असतानाच, जिथून निघाली तिथून खाली ओढून सालीसकट उपटून काढायची.

लागवड करताना ही गाठ मातीच्या वर दोन-तीन बोटं राहिली पाहिजे. परदेशी व्हिडिओंमध्ये गाठ मातीखाली पुरायला सांगतात. त्यांच्याकडे बर्फ पडतो, गाठ थंडीने मरू नये म्हणून ती सोय. आपल्याकडे पुरलेली गाठ पावसाळ्यात सडते.

हायब्रीड टी: एका दांड्यावर एक फूल

'गुलाब' म्हटल्यावर डोळ्यासमोर येतो तो हाच. लांब दांडा, टोकाला एकच मोठी, निमुळती कळी. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्तिस्त गियो यांनी आणलेला 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी मानला जातो. गुलाबाच्या जगात ते वर्ष इतकं महत्त्वाचं आहे की त्याआधीच्या वर्गांतले सगळे 'जुने' गुलाब आणि नंतरचे 'आधुनिक', अशी सरळ विभागणी करतात. आपल्याकडे उघड्या शेतात अनेक वर्षं पिकवला जाणारा 'ग्लॅडिएटर' याच गटातला.

भारतीय हवामानासाठी गुलाब घडवणाऱ्यांत बेंजामिन पिअरी पाल यांचं नाव आधी घ्यावं लागतं. गव्हाच्या तांबेरा रोगावर काम करणारा हा शास्त्रज्ञ भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पहिला महासंचालक झाला, आणि त्याच वेळी गुलाबाच्या नव्या जातीही तयार करत राहिला. पांढरा 'डॉ. होमी भाभा' हा त्यांचाच हायब्रीड टी.

या प्रकाराला दोन गोष्टी लागतात: रोज किमान ५-६ तास थेट ऊन आणि भरपूर खत. ऊन कमी पडलं की फांदी वाढते, पण टोकाला कळीच धरत नाही. अशी आंधळी फांदी दिसली तर तिची वाट पाहत बसू नका, अर्ध्यावर छाटा आणि कुंडी उन्हात सरकवा.

फूल कोमेजलं की नुसतं फूल खुडू नका. दांड्यावरून खाली या. फुलाजवळची पानं तीन पर्णिकांची असतात, तिथले डोळे अशक्त. बाहेरच्या बाजूला तोंड असलेलं पहिलं पाच पर्णिकांचं सशक्त पान सापडलं की त्याच्या थोडं वर कापा. पुढचं फूल तिथून, हवामानाप्रमाणे साधारण ६-७ आठवड्यांत येतं. वाळलेलं फूल झाडावरच ठेवलं तर झाड फळ धरायच्या मागे लागतं आणि नवी कळी लांबते.

ऑक्टोबरमधली मोठी छाटणी याच प्रकाराला सगळ्यात जास्त मानवते. ती कशी करायची ते पुढे येईलच.

फ्लोरिबंडा आणि बटन गुलाब

फ्लोरिबंडाला फुलं घोसाने येतात. एक-एक फूल हायब्रीड टीइतकं देखणं नसेल, पण झाड बराच काळ फुललेलं राहतं आणि रोगाला तुलनेने कमी बळी पडतं. पहिल्यांदाच गुलाब लावत असाल तर माझं मत विचाराल तर इथून सुरुवात करा. पाल यांचा गुलाबी 'दिल्ली प्रिन्सेस' हा या गटातला नावाजलेला.

याच्या घोसात मधली कळी सगळ्यात आधी उमलते आणि आधी वाळते. तेवढीच काढून टाका. सगळा घोस संपला की तो एकत्र, खालच्या चांगल्या पानापर्यंत कापा. छाटणी हायब्रीड टीपेक्षा हलकी हवी, कारण इथे मोठं फूल नको, जास्त फांद्या हव्यात.

बटन गुलाब म्हणजे चिमुकली फुलं, चिमुकली पानं. काही नर्सऱ्यांत हाच 'काश्मिरी गुलाब' म्हणून विकतात. ८ इंचांच्या कुंडीत तो सुखाने राहतो. याच्या प्रत्येक डोळ्याचा हिशेब ठेवायची गरज नाही, कुंपणाची मेंदी छाटावी तसा एक-तृतीयांश छाटून मोकळे व्हा. बटन गुलाब बरेचदा कलमापासून वाढवलेले असतात, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर उभे असतात. त्यामुळे खुंटाच्या फुटीची भानगड नाही. त्याचा खरा शत्रू उन्हाळ्यातला लाल कोळी, त्याबद्दल पुढे.

वेलीचा गुलाब: इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं

बंगल्याच्या कमानीवर चढवायला म्हणून वेलीचा गुलाब आणतात. ऑक्टोबर आला की इतर गुलाबांबरोबर त्यालाही गुडघ्याएवढा छाटतात. पुढच्या वर्षी पुन्हा. चार वर्षांनी तक्रार: "वेल आहे, पण फुलतच नाही."

कारण सोपं आहे. हायब्रीड टी नव्या फांदीच्या टोकाला फुलतो, म्हणून जुनं कापलं की नवं येतं आणि फूलही येतं. वेलीच्या गुलाबाला आधी लांब, जाड मुख्य फांद्या तयार करायच्या असतात आणि त्या फांद्यांवरच्या आडव्या उपफांद्यांवर फुलं धरायची असतात. दरवर्षी मुख्य फांद्याच कापल्या तर तो दरवर्षी पायापासून घर बांधत बसतो.

आपल्याकडचे बरेच वेलीचे गुलाब तर हायब्रीड टी जातींचीच वेलीसारखी वाढणारी रूपं आहेत. झुडपावर अचानक एखादी लांब वाढणारी फांदी निघते आणि तिचे डोळे भरून वेलीची जात होते, जसा 'पीस' गुलाबाचा 'क्लाइंबिंग पीस'. अशा जातीला कोवळ्या वयात कडक छाटलं तर ती वेल होणं सोडून पुन्हा झुडूप होऊ शकते.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं वेलीच्या मुख्य फांद्यांना कात्री लावू नका, फक्त वाळकं काढा. आणि फांद्या सरळ वर जाऊ देऊ नका. फांदी उभी असते तेव्हा तिच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, त्यामुळे फुलं आली तरी वरच्या टोकाला, म्हणजे शेजाऱ्याच्या दुसऱ्या मजल्याला. तीच फांदी वाकवून जाळीवर किंवा तारेवर आडवी, निदान तिरकी बांधली की तिच्या प्रत्येक डोळ्यातून उपफांदी निघते. खांबावर चढवायची असेल तर सरळ न नेता गोल गुंडाळत न्या. बांधायला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या चांगल्या, तार नको.

चौथ्या वर्षापासून दरवर्षी सगळ्यात जुनी एखादी फांदी बुडापासून काढा आणि उपफांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटा. बस.

गावठी गुलाब

देवपूजेला, गुलकंदाला लागतो तो गुलाबी, सैलसर पाकळ्यांचा, वासाचा गुलाब. 'गावठी' किंवा 'देशी' या एका नावाखाली खरं तर अनेक जुन्या जाती आहेत. त्यातली एक भारतात 'एडवर्ड गुलाब' म्हणून ओळखली जाते, आणि तिचं नातं हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या बूर्बों गुलाबांशी सांगतात. अत्तरासाठी उत्तर प्रदेशात हसायन भागात होणारा दमास्क गुलाब मात्र वेगळा. त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदाच, वसंतात असतो, म्हणून त्याला चैती गुलाब म्हणतात. "वर्षभर फुलत नाही" म्हणून त्याला खताचा मारा करण्यात अर्थ नाही.

गावठी गुलाब काडी खोचूनही लागतो, स्वतःच्या मुळांवर वाढतो, फारशी औषधं मागत नाही. जमिनीत लावला तर मातीतून येणारी फूटही त्याचीच असते, ती उपटू नका. छाटणी हलकी: वाळकं, आत वळलेलं आणि अगदी जुनं लाकूड काढायचं. गुलकंद करायचा असेल तर हाच वापरा. पुष्पगुच्छातले डच गुलाब पॉलीहाऊसमध्ये वाढतात, त्यांच्यावर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात आणि ते खाण्यासाठी पिकवलेले नसतात. वाढदिवसाच्या बुकेचा गुलकंद करू नका.

ऑक्टोबरची छाटणी

परतीचा पाऊस थांबला, आकाश मोकळं झालं की महाराष्ट्रात गुलाबाच्या छाटणीचा काळ सुरू होतो. साधारण ऑक्टोबरचा मधला पंधरवडा. त्या हिशेबाने पहिला बहर डिसेंबरमध्ये येतो आणि थंडीत फुलांचा रंग, आकार सगळ्यात चांगला मिळतो. परदेशी तारखा पाहून फेब्रुवारीत छाटलं तर नवी कोवळी पालवी थेट एप्रिलच्या उन्हात सापडते.

हायब्रीड टीसाठी क्रम असा: आधी वाळलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग काडीएवढ्या बारीक. उरलेल्या चार-पाच जोमदार फांद्या साधारण दीड फुटावर आणायच्या. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि झाडाच्या मध्यात हवा खेळते. कापलेला भाग आतून पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली या.

हा तपकिरीपणा म्हणजे डायबॅक. बुरशी कापातून शिरते आणि फांदी वरून खाली वाळवत नेते, काळी पडत गेलेली फांदी तुम्ही पाहिली असेलच. गाठीपर्यंत पोहोचली तर झाड गेलं. म्हणून कात्री धारदार हवी, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसलेली हवी आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप त्याच दिवशी लागला पाहिजे. हळदीचा लेप अनेकजण लावतात, पण जाड फांदीसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

छाटणीनंतर मुळं उघडी करून चार दिवस ऊन द्यायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. कुंडीत तर ती करूच नये. पाणी घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात आणि ती त्यात मरतात. त्याऐवजी वरची दोन इंच माती काढून तिथे कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा. रासायनिक खत द्यायचंच असेल तर नवी पालवी दिसल्यावर. पानंच नसलेलं झाड खत घेऊन करणार काय?

पावसाळा, थंडी, उन्हाळा

पावसाळ्यातले काळे ठिपके ही बुरशी आहे आणि तिला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं. कोकणात आणि मावळात ते जुलैत चोवीस तास ओलंच असतं, त्यामुळे तिथे मोठ्या फुलांचा गुलाब निरोगी ठेवणं खरोखर अवघड आहे. कुंड्या छपराखाली पण उजेडात घ्या. गळलेली पानं रोज उचला, कारण पुढची लागण तिथूनच होते. ती कंपोस्टमध्ये टाकू नका. एरवीही पाणी सकाळी आणि मातीत घालायचं. संध्याकाळी पाइपने झाडाला अंघोळ घालणं म्हणजे बुरशीला निमंत्रण.

थंडीत उलटा प्रकार. कोवळ्या पानांवर, कळ्यांवर पिठासारखी पांढरी भुरी येते. हिला ओलं पान लागत नाही, दिवसाची ऊब आणि रात्रीची दमट थंडी पुरते. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात, सकाळी. कडक उन्हाळ्यात मात्र गंधक फवारू नका, पानं भाजतात.

एप्रिल-मे मध्ये पानं फिकट, धूळ बसल्यासारखी, ठिपकेदार दिसू लागली तर पान उलटून पाहा. बारीक जाळं आणि हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी. हा कोरड्या उष्ण हवेत वाढतो आणि तो कीटक नसून कोळ्यांच्या कुळातला असल्याने अनेक साध्या कीटकनाशकांना दाद देत नाही. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी जोरात पाण्याचा फवारा हा पहिला उपाय, संध्याकाळी कडुनिंबाचं तेल हा दुसरा. सकाळचा फवारा उन्हात लगेच वाळतो, त्यामुळे आधीच्या सल्ल्याला तो छेद देत नाही. उन्हाळ्यात फुलं लहान आणि फिकी येणारच. तेव्हा खत वाढवू नका, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावा.

रीलमधले उपाय

काडी बटाट्यात खोचून लावली की गुलाब येतो, हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. बटाटा सडतो, बऱ्याचदा काडीला घेऊन सडतो. काडीला हवी असते ओलसर, निचऱ्याची माती आणि सावली, बटाट्याचा तिथे काही उपयोग नाही. शिवाय बुकेतल्या गुलाबाला मुळं फुटली तरी पुष्कळ वेळा तो स्वतःच्या मुळांवर जोर धरत नाही. डोळा भरायची पद्धत त्यासाठीच आली.

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मातीत ती फार हळू विरघळतात आणि फुलांशी त्यांचा थेट संबंध नाही. चहाची पावडर चालते, पण दूध-साखर नीट धुऊन वाळवलेली, नाहीतर मुंग्या आणि बुरशी. बोअरचं जड पाणी घालत असाल आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. अशा मातीत आणखी टरफलं घालणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिथे चिलेटेड लोहाची फवारणी आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी कामाला येतं.

नर्सरीत काय पाहाल?

फुलाकडे पाहू नका, बुडाकडे पाहा. गाठीवरून निदान दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या हव्यात. एकच लांबलचक फांदी आणि टोकाला मोठं फूल असेल तर राहू द्या. डोळा बांधलेली प्लास्टिकची पट्टी अजून खोडात रुतलेली असेल तर घरी आणून ती हलकेच कापा, नाहीतर खोड जाड होताना गाठ आवळली जाते. खोडावर पांढरे खवले दिसले तर ती कीड आहे, ते झाड तिथेच ठेवा. आणि विकणाऱ्याला रंगाआधी एवढंच विचारा की हा झुडपाचा आहे की वेलीचा. हायब्रीड टीला १२ इंचांची कुंडी लागते. आणल्या दिवशीच पिशवी फाडून कुंडीत लावायची घाई नको. आठवडाभर तुमच्या गॅलरीतल्या उन्हाची सवय होऊ द्या, मग मुळांचा गोळा न फोडता संध्याकाळी लावा.